दूध केंद्रावरची नोंद ब्राउझरातून पोस्टग्रेसपर्यंत: ऑफलाइन सिंक उभं करताना

दूध संकलन केंद्राच्या वेब ॲपला अट एकच असते: रेंज असो वा नसो, दूध मोजलं की पावती निघालीच पाहिजे. किटली घेऊन रांगेत उभा असलेला उत्पादक सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत नाही. म्हणजे नोंद आधी ब्राउझरात पक्की व्हायची, पावती तिथूनच छापायची आणि सर्व्हरकडे ती नंतर सावकाश जायची. असं ॲप आम्ही ज्या क्रमाने बांधत गेलो, त्याच क्रमाने इथे मांडतो. सर्व्हरवर पोस्टग्रेस हा एसक्यूएल डेटाबेस, मध्ये नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं), ब्राउझरात इंडेक्स्डडीबी (ब्राउझरातलाच डेटाबेस) आणि ती वापरणं सोपं करणारी डेक्सी ही लायब्ररी. काउचडीबी (सर्व्हरवर) आणि पाउचडीबी (ब्राउझरात) ही डेटाबेसची जोडी सिंकचं, म्हणजे दोन्हीकडचा डेटा जुळवण्याचं, काम तयार करून देते, पण दुधाची बिलं, कपाती, ॲडव्हान्स हे सगळं आधीच एसक्यूएलमध्ये असेल तर दुसरा डेटाबेस सांभाळण्यापेक्षा सिंक हाताने लिहिलेलं परवडतं.

आधी आकार मोजून घ्यावा. एका नोंदीत सभासद क्रमांक, गाय की म्हैस, पाळी, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ), दर, रक्कम एवढंच असतं. जेसन या मजकूर-स्वरूपात साधारण ३०० बाइट. २०० उत्पादकांच्या केंद्रावर दोन पाळ्यांच्या मिळून ४०० नोंदी, म्हणजे दिवसाला १२० केबी. दहा दिवसांच्या बिलाचा सगळा डेटा सव्वा एमबीच्या आसपास. जागा पुरेल का, ही चिंता इथेच संपते. ठेवलेलं टिकेल का, ही खरी चिंता. तिच्याकडे पुढे येऊ.

ब्राउझरातल्या साध्या लोकलस्टोरेजचा मोह होतो, पण तो टाळावा. त्यात फक्त मजकूर ठेवता येतो, मर्यादा साधारण ५ एमबीची, प्रत्येक वाचन-लेखन पानाला थांबवून होतं आणि सर्व्हिस वर्करमधून (पानामागे चालणाऱ्या स्क्रिप्टमधून) त्याला हात लावता येत नाही. इंडेक्स्डडीबीत दोन स्टोअर केले: एक नोंदींचं, दुसरं आउटबॉक्सचं, म्हणजे पाठवायच्या नोंदींच्या रांगेचं. नोंद लिहिणं आणि तिची पाठवणी आउटबॉक्समध्ये टाकणं ही दोन्ही कामं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे होतील तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. वेगवेगळी केली आणि मधेच टॅब मेला, तर नोंद स्क्रीनवर दिसते पण सर्व्हरकडे कधीच जात नाही. पावती हातात, बिलात दूध नाही.

इंडेक्स्डडीबीच्या तीन खोड्या माहीत असाव्यात. पहिली: ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून आत फेचची (सर्व्हरला केलेल्या विनंतीची) वाट बघता येत नाही. हातातलं काम संपलं की ट्रान्झॅक्शन आपोआप कमिट (पक्कं) होतं आणि पुढच्या लेखनाला ‘ट्रान्झॅक्शन इनॲक्टिव्ह’ अशी एरर येते. म्हणून वाचा, ट्रान्झॅक्शन संपू द्या, पाठवा, उत्तर आल्यावर नवं ट्रान्झॅक्शन उघडा. दुसरी: ट्रू-फॉल्स या किमती इंडेक्सची की होऊ शकत नाहीत. ‘पाठवलं: फॉल्स’ अशा फील्डवर इंडेक्स केला तर एरर येत नाही, त्या नोंदी इंडेक्समध्ये फक्त दिसतच नाहीत. ० आणि १ वापरा. तिसरी खोडी वीज जाणाऱ्या गावांत महत्त्वाची: क्रोममध्ये १२१ व्या आवृत्तीपासून लेखनाची डिफॉल्ट पद्धत ‘रिलॅक्स्ड’ आहे. ब्राउझरने कमिट झालं म्हटलं, तरी डेटा डिस्कवर खरोखर उतरलेला असेलच असं नाही. बॅटरी नसलेल्या डेस्कटॉपवर लाइट गेली तर शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात. नोंद लिहिणाऱ्या ट्रान्झॅक्शनला ड्युरेबिलिटी ‘स्ट्रिक्ट’ द्यायची. काही मिलिसेकंद जास्त लागतात, पण मिनिटाला चार-पाच उत्पादक येतात तिथे ते कुणाला जाणवत नाही.

यानंतर आयडी. सर्व्हरचा ऑटो इन्क्रिमेंट इथे निरुपयोगी, कारण नंबर घ्यायला सर्व्हरपर्यंत जावं लागतं. यूयूआयडी (दुसऱ्या कुणाशी न जुळणारा लांब आयडी) डिव्हाइसवरच बनवायचा, नोंद जन्माला येते त्या क्षणी, आणि तोच शेवटपर्यंत प्रायमरी की, म्हणजे टेबलात त्या ओळीची ओळख. ब्राउझरातलं क्रिप्टो.रँडमयूयूआयडी आवृत्ती ४ चा आयडी देतं आणि ते फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर चालतं. केंद्रातल्या वायफायवर साध्या एचटीटीपीने आयपी टाकून डेमो दाखवायला गेलात तर ते फंक्शनच सापडणार नाही. आम्ही आवृत्ती ७ घेतली. २०२४ च्या मे महिन्यात आलेल्या आरएफसी ९५६२ या इंटरनेट मानकात ती आहे. आयडीच्या सुरुवातीला वेळ असल्यामुळे पोस्टग्रेसच्या इंडेक्समध्ये नव्या नोंदी शेजारीशेजारी पडतात. पावतीवर मात्र ३६ अक्षरांचा आयडी छापून चालत नाही. त्यासाठी पहिल्या लॉगिनला सर्व्हर प्रत्येक डिव्हाइसला एक अक्षर देतो आणि पावती क्रमांक ‘क-१२४’ असा त्या डिव्हाइसच्या स्वतःच्या मोजणीवर चालतो. क्रमांक माणसांसाठी, यूयूआयडी मशीनसाठी. दोघांची गल्लत केली की टॅब्लेट बदलल्यावर त्रास होतो.

पाठवणीचा भाग वरवर सोपा दिसतो: आउटबॉक्समधून जुन्यात जुन्या ५० नोंदी उचला, पोस्ट करा, उत्तर आलं की काढून टाका. नोंदी गेल्या, सर्व्हरने लिहिल्या, पण उत्तर परत येताना रेंज गेली, तर ब्राउझरच्या दृष्टीने काहीच झालेलं नाही. तो पुन्हा पाठवणार, आणि त्याने पाठवलंच पाहिजे. त्यामुळे तीच नोंद दोनदा आली तरी एकदाच लिहिली जाईल याची जबाबदारी सर्व्हरची. पोस्टग्रेसमध्ये ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ (आयडी आधीच असेल तर काहीच करू नका) हे काम करतं. त्याला जोडून ‘रिटर्निंग’ लावलं तर फक्त नव्याने लिहिलेल्या ओळी परत येतात, आधीपासून असलेल्या येत नाहीत. हाच निकाल जसाच्या तसा ब्राउझरला दिला, तर आधीच पोचलेल्या नोंदी त्याला ‘पोचल्या नाहीत’ अशा दिसतात आणि तो त्याच ५० नोंदी जन्मभर पाठवत बसतो. म्हणून सर्व्हरने आलेल्या प्रत्येक आयडीचं उत्तर द्यायचं: ‘नवी लिहिली’, ‘आधीच आहे’, ‘नाकारली’ किंवा ‘नंतर पाठवा’. पहिल्या दोन उत्तरांना ब्राउझर आउटबॉक्समधून तो आयडी काढतो. आणखी एक कडी लावून ठेवावी: आयडी तोच पण मजकूर वेगळा असेल तर ‘आधीच आहे’ म्हणायचं नाही. तो बग असतो, आणि तो गप्प राहता कामा नये.

५० नोंदींपैकी एक बिघडलेली असली तर बाकी ४९ अडकू नयेत. पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनच्या आत एक एरर आली की पुढची सगळी वाक्यं तो नाकारतो, म्हणून प्रत्येक नोंदीआधी सेव्हपॉइंट, म्हणजे एरर आली तर तिथपर्यंतच मागे जाता येतं. ‘नंतर पाठवा’ हे उत्तर मुद्दाम ठेवलेलं आहे. ऑफलाइन असतानाच नवा सभासद टाकला आणि त्याचं दूधही घेतलं, तर दूध आधी येऊन सभासद मागे राहण्याची शक्यता असते. तेव्हा फॉरेन कीची (ज्या सभासदाचा उल्लेख आहे तो टेबलातच नाही, अशी) एरर येते, कोड २३५०३. ही नोंद चुकीची नाही, फक्त लवकर आली. आउटबॉक्सला वाढता क्रमांक देऊन त्याच क्रमाने पाठवलं तर हे क्वचित घडतं. घडलं तर नोंद नाकारायची नाही, थांबवायची.

ब्राउझरच्या बाजूला एररची विभागणी नीट लागते. नेटवर्क तुटलं, ५०० च्या घरातलं उत्तर (सर्व्हरची चूक) आलं किंवा ४२९ (फार विनंत्या झाल्या) आलं, तर थांबून पुन्हा. ४०० किंवा ४२२ (विनंतीच चुकीची) आलं तर कितीही वेळा पाठवून उपयोग नाही. नोंद ‘अडकलेल्या’ स्टोअरमध्ये हलवायची आणि स्क्रीनवर लाल आकडा दाखवायचा. ४०१ म्हणजे लॉगिनचं टोकन संपलं: पाठवणं बंद, लॉगिन मागा, पण आउटबॉक्सला हात लावू नका. लॉगआउटच्या कोडमध्ये सगळा लोकल डेटा पुसायची सवय असते, ती इथे जिवावर येते. आउटबॉक्स रिकामा नसेल तर लॉगआउटच करू द्यायचं नाही. आणि २०० (सगळं ठीक) आलं म्हणून खूश व्हायचं नाही. लॉगिन पान दाखवणारं फुकट वायफाय किंवा रिचार्ज संपल्यावर कंपनीचं पान पुढे करणारी जोडणी बिनदिक्कत २०० देते, आत असतं एचटीएमएल. उत्तराचा कंटेंट टाइप जेसन आहे का, आणि आपण पाठवलेले आयडी त्यात आहेत का, हे तपासूनच नोंद काढायची.

पुन्हा पाठवण्यातलं अंतर २, ४, ८, १६ सेकंद असं दुप्पट करत कमाल ५ मिनिटांपर्यंत नेलं, आणि प्रत्येक वेळी त्यात थोडा यादृच्छिक फरक टाकला. त्याचं कारण भागातला टॉवर. तो परत सुरू झाला की आसपासची सगळी केंद्रं एकाच सेकंदाला सर्व्हरवर येतात. हा फरक नसेल तर पुढचे प्रयत्नही एकत्रच येतात.

सिंक कधी सुरू करायचं? बॅकग्राउंड सिंक एपीआय (पान बंद असतानाही ब्राउझरने पाठवावं अशी सोय) ऐकायला छान वाटतं, पण ते क्रोम आणि त्याच्या कुळातल्या ब्राउझरांतच आहे. फायरफॉक्स आणि सफारीत नाही. शिवाय क्रोमही काही प्रयत्नांनंतर सोडून देतो. ते असलं तर बोनस समजायचं. भरवशाची साधनं साधीच: प्रत्येक नोंदीनंतर, ऑनलाइन इव्हेंटवर, पान पुन्हा समोर आल्यावर, आणि पान उघडं असेपर्यंत दर मिनिटाला. ब्राउझरातलं नेव्हिगेटर.ऑनलाइन ‘फॉल्स’ म्हणालं तर नेट नक्की नाही. ‘ट्रू’ म्हणालं तर फक्त राउटरपर्यंतची जोडणी आहे एवढंच कळतं. ते पाहून सिंक टाळता येतं, पण ‘जोडलेलं आहे’ असं स्क्रीनवर लिहू नये. एकाच मशीनवर दोन टॅब उघडे असतील तर दोघांनी एकच आउटबॉक्स उपसू नये, म्हणून वेब लॉक्स, म्हणजे टॅबांमध्ये सामाईक असलेली ब्राउझरची कुलपं. लॉक मोकळं असेल तरच घ्या, नसेल तर निघा. टॅब बंद झाला किंवा कोसळला की ब्राउझर लॉक आपोआप सोडतो, त्यामुळे ‘सिंक चालू आहे’ असा झेंडा डेटाबेसमध्ये ठेवून तो अडकण्याची भानगड नाही.

आता उलट दिशा: सर्व्हरवरून खाली. नवं दरपत्रक, सभासदांची यादी, कार्यालयातून झालेल्या दुरुस्त्या. बहुतेक जण इथे ‘अपडेटेड ॲट’ कॉलम ठेवतात आणि ब्राउझर विचारतो, ‘शेवटच्या वेळेनंतर काय बदललं?’ चाचणीत हे छान चालतं. प्रत्यक्षात अधूनमधून एखादी ओळ कायमची निसटते, आणि का ते लॉगमध्ये दिसत नाही. पोस्टग्रेसचं नाउ फंक्शन ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं, कमिटची नाही. समजा कार्यालयातून मोठी दुरुस्ती १० वाजून १ सेकंदाने सुरू झाली आणि ९ व्या सेकंदाला कमिट झाली. मधे, ४ थ्या सेकंदाला, दुसरा छोटा बदल लगेच कमिट झाला. ब्राउझरने ५ व्या सेकंदाला विचारलं. त्याला छोटा बदल मिळाला आणि त्याने खूण ४ वर ठेवली. मोठ्या दुरुस्तीच्या ओळींवर शिक्का आहे १ चा. त्या आता कधीच खाली येणार नाहीत. वेळेऐवजी सिक्वेन्सचा (डेटाबेसच्या वाढत्या मोजणीचा) नंबर वापरूनही हेच होतं, कारण सिक्वेन्स नंबर आधी वाटतो आणि कमिट ज्याच्या त्याच्या सवडीने होतं.

उपाय आहे तो कमिटचा क्रम आणि नंबरचा क्रम एक करणं. केंद्रांच्या टेबलात प्रत्येक केंद्राच्या ओळीवर एक ‘बदल क्रमांक’ ठेवला. त्या केंद्राचा कुठलाही बदल लिहिण्याआधी ती ओळ अपडेट करून क्रमांक १ ने वाढवायचा आणि तो बदलावर टाकायचा. अपडेट केलेली ओळ कमिट होईपर्यंत लॉक असते, त्यामुळे दुसऱ्या ट्रान्झॅक्शनला पुढचा क्रमांक पहिलं संपल्यावरच मिळतो. याची किंमत अशी की एका केंद्राची लेखनं एकामागून एक होतात. दिवसाला ४०० नोंदींना ती जाणवतही नाही. सगळ्या केंद्रांना मिळून एकच क्रमांक ठेवला तर मात्र सकाळी साडेसहाला सगळे एकमेकांची वाट बघत उभे राहतील.

ब्राउझर ‘४१८७ नंतरचं द्या’ म्हणतो, सर्व्हर ५०० च्या तुकड्यांत देतो. आलेला तुकडा लिहिणं आणि खूण पुढे सरकवणं पुन्हा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. आउटबॉक्समध्ये ज्या नोंदीचा बदल अजून वाट बघतोय, तिच्यावर वरून आलेली किंमत चढवायची नाही. म्हणून क्रम ठरलेला: आधी वर, मग खाली. पुसलेल्या ओळीही खाली कळल्या पाहिजेत, म्हणून सर्व्हरवर खरं डिलीट नाही, ‘पुसली’ अशी खूण. या खुणा ९० दिवसांनी साफ होतात. त्याहून जुनी खूण घेऊन एखादा टॅब्लेट आला तर सर्व्हर ४१० देतो आणि ब्राउझर सगळी यादी नव्याने घेतो. आउटबॉक्स सोडून.

दोन ठिकाणी एकच गोष्ट बदलली तर कुणाचं खरं? ‘शेवटचा लिहील त्याचं’ हा नियम लिहायला एक ओळ लागते, पण शेवटचा कोण हे डिव्हाइसच्या घड्याळावर ठरवलं तर पंचाईत होते. बॅटरी पूर्ण उतरलेला टॅब्लेट चालू झाल्यावर नेट मिळेपर्यंत कुठल्याही सालात असू शकतो. आम्ही डेटाचे दोन भाग पाडले. दुधाची नोंद एकदा लिहिली की बदलतच नाही. फॅट चुकलं तर आधीची नोंद उलटवणारी एक आणि बरोबर आकड्याची एक अशा दोन नव्या नोंदी होतात. हिशेबाच्या वहीत खाडाखोड करत नाहीत, तेच इथे. आणि न बदलणाऱ्या ओळींमध्ये संघर्षच होत नाही. सभासदाचा फोन, बँक खातं यांना आवृत्ती क्रमांक: ‘मी ७ वी आवृत्ती बघून हा बदल करतोय’. सर्व्हरवर ८ वी असेल तर ४०९ आणि दोन्ही किमती माणसासमोर. सीआरडीटी, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणचे बदल आपोआप एकत्र करणारे डेटा-प्रकार (वायजेएस, ऑटोमर्ज यांतले), इथे कामाचे नाहीत. दोघं एकच मजकूर लिहीत असतील तिथे ते उत्तम. पण फॅट ४.२ की ४.५ यातलं खरं कुठलं हे ते सांगत नाहीत, सगळीकडे एकच आकडा येईल एवढीच हमी देतात.

दराचंही तसंच. नवं दरपत्रक पोचण्याआधी जुन्या दराने पावती छापली गेली, तर सर्व्हरने गुपचूप रक्कम बदलायची नाही. नोंदीसोबत दरपत्रकाचा आयडी जातो, सर्व्हर पुन्हा हिशेब करतो, फरक आला तर खूण करतो. कागद उत्पादकाच्या खिशात आहे. डेटाबेसने त्याच्याशी वेगळं बोलून चालत नाही.

तारखेचा घोळ भारतात खास आहे. आपण यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे. पहाटे ५:१० ला घेतलेलं दूध यूटीसीमध्ये आदल्या दिवशी रात्री ११:४० चं असतं. जावास्क्रिप्टचं टूआयएसओस्ट्रिंग यूटीसीत जो मजकूर देतं, त्याची पहिली १० अक्षरं कापून तारीख काढली, तर साडेपाचच्या आधी आलेले सगळे उत्पादक कालच्या तारखेत जातात आणि सहा वाजता आलेले आजच्या. डेव्हलपर दहाला कामाला बसतो, त्याला हे कधी दिसत नाही. संकलनाची तारीख आणि पाळी ही वेळ नसून नावं आहेत. ती मजकूर म्हणून वेगळी ठेवली, आणि अचूक क्षण टाइमस्टॅम्प म्हणून वेगळा. आकड्यांतही तोच काटेकोरपणा: लिटर नाही तर मिलिलिटर, फॅट दहापट करून, रक्कम पैशांत, सगळं पूर्णांकात. पोस्टग्रेसचा बिगइंट (मोठा पूर्णांक) नोडच्या ड्रायव्हरमधून मजकूर म्हणून येतो हेही लक्षात असू द्या. ‘१२०’ आणि ‘८०’ यांची बेरीज १२०८० होते.

टिकण्याचा प्रश्न. सुरुवातीलाच नेव्हिगेटर.स्टोरेज.पर्सिस्ट, म्हणजे ब्राउझरने आपला साठा आपणहून पुसू नये अशी हमी, मागायची. फायरफॉक्स वापरणाऱ्याला विचारतो, क्रोम स्वतःच ठरवतो; होमस्क्रीनवर बसवलेल्या ॲपला होकार मिळण्याची शक्यता जास्त. सफारीत साइट ७ दिवस हाताळली नाही तर स्क्रिप्टने लिहिलेला डेटा उडतो. होमस्क्रीनवरच्या ॲपला हा नियम तसा लागत नाही. ‘ब्राउझिंग डेटा पुसा’ यापुढे मात्र कशाचाच इलाज नाही. साठा ओरिजिनला, म्हणजे साइटच्या नेमक्या पत्त्याला, बांधलेला असतो, हे डोमेन बदलताना विसरलं जातं. पुढे www असलेला आणि नसलेला पत्ता ही ब्राउझरच्या दृष्टीने दोन वेगळी घरं. रीडायरेक्ट लावला की जुन्या घरातला आउटबॉक्स तिथेच बंद. पत्ता बदलायचाच तर जुन्या पत्त्यावर आउटबॉक्स रिकामा करणारं पान काही महिने जिवंत ठेवा.

ॲपची नवी आवृत्ती आली तरी सर्व्हिस वर्करमुळे जुनी काही दिवस चालत राहते, आणि आउटबॉक्समध्ये जुन्या आकाराच्या नोंदी असतात. प्रत्येक नोंदीवर आकाराचा क्रमांक टाका आणि सर्व्हरला मागचे दोन-तीन आकार समजू द्या. इंडेक्स्डडीबीची आवृत्ती वाढवताना दुसऱ्या टॅबमध्ये जुनं कनेक्शन उघडं असेल तर अपग्रेड अडून बसतं. व्हर्जनचेंज इव्हेंट आला की कनेक्शन बंद करून पान रीलोड करायला सांगा.

चाचणीत ब्राउझरच्या डेव्हटूल्सचं (डेव्हलपरच्या साधनांचं) ‘ऑफलाइन’ बटण पुरत नाही. ते विनंतीच जाऊ देत नाही. आपल्याला हवी असते पोचलेली विनंती आणि हरवलेलं उत्तर. त्यासाठी चाचणीच्या सर्व्हरवर एक खटका ठेवला: कमिट करा आणि उत्तर न देता जोडणी तोडा. तो चालू ठेवून ५०० नोंदी पाठवायच्या, मग बंद करायचा, आणि टेबलात बरोबर ५०० आहेत का मोजायचं. घड्याळ वर्षभर मागे, दोन टॅब, मधेच टॅब मारणं, हेही त्याच खटक्यासोबत.

एवढं करूनही बिल काढण्याआधी जुळणी लागते. पाळी बंद केली की ब्राउझर त्या पाळीचा गोषवारा स्वतंत्र नोंद म्हणून पाठवतो: नोंदी किती, एकूण मिलिलिटर किती, पहिली आणि शेवटची पावती कुठली. सर्व्हर आपल्या टेबलातून तेच आकडे काढतो. १० तारखेला बिलाचं बटण दाबल्यावर वीसपैकी एखादी पाळीही जुळली नसेल, तर बिल निघत नाही. कुठल्या डिव्हाइसच्या कुठल्या पाळीत कितव्या पावतीपासून नोंदी नाहीत, ते स्क्रीनवर येतं आणि केंद्रचालकाला फोन जातो की तो टॅब्लेट जरा रेंजमध्ये आणून ॲप उघडा.